रीसेट दाबण्याआधी बाहेर जाऊन पाइपला हात लावा

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात रेडिंगला घर आहे, नऊ वर्षांचा कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) बॉयलर आहे, पहाटे साडेपाचला हीटिंग सुरू व्हायच्या वेळी तो लॉकआउट होतो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो, आणि अकराच्या सुमारास रीसेट केला की मुकाट चालू होतो. इंजिनियर दुपारी आला, त्याला दोष सापडला नाही, तरी सर्किट बोर्ड बदला म्हणून ४२० पाउंड सांगून गेला. साताऱ्याहून आलेले आईबाबा केटलच्या पाण्यावर अंघोळ उरकतायत. हे वाचलं आणि माझा २०२२ चा डिसेंबर डोळ्यांपुढे उभा राहिला. लीड्सला माझ्याकडे अगदी याच क्रमाने झालं होतं. बोर्डाचे पैसे अजून देऊ नका.

मी गॅसचं काम करणारा नाही, आयटीत आहे. हा एका घरातला, एका बॉयलरचा अनुभव आहे. तुमच्याकडे कारण वेगळंही निघू शकेल. बॉयलरचं पुढचं झाकण मात्र काहीही झालं तरी स्वतः उघडू नका.

प्रेशर एक ते दीड बारच्या मध्ये आहे, शेगडी पेटतेय, थर्मोस्टॅटची बॅटरी ठीक आहे, हे तुम्ही बघितलं असणारच. ते सोडून देतो.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे रीसेट. घरात आठ महिन्यांची मुलगी, सांगलीहून आलेले वडील, त्यामुळे पहाटे उठून मी अर्धवट झोपेत पाच-सहा वेळा बटण दाबायचो. स्क्रीनवर कोड यायचा, मी तो बघायच्या आत पुसून टाकायचो. केव्हा बंद पडला, कोणता आवाज आला, बाहेर किती थंडी होती, काहीच लिहून ठेवलं नाही. इंजिनियरने विचारलं तर मी सांगितलं, लाल दिवा लागतो. एवढ्यावरून कोण काय ओळखणार?

लॉकआउट ही बॉयलरने स्वतःहून घेतलेली खबरदारी असते. आधी पंखा आतली हवा बाहेर काढतो, मग ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि ज्योत खरंच लागली का हे इलेक्ट्रोडमधून (ज्योतीपाशी असलेल्या धातूच्या काडीतून) जाणाऱ्या करंटवरून बोर्डाला कळतं. तो करंट इतका क्षीण असतो की मायक्रोअँपमध्ये मोजतात. तो मिळाला नाही तर गॅस बंद. काही प्रयत्न फसले की बॉयलर अडकून बसतो, न जळलेला गॅस आत साठू नये म्हणून. त्यामुळे पुन्हा पुन्हा रीसेट मारणं चांगलं नाही. मी एकदा दाबतो, फार तर दोनदा, तेही कोडचा फोटो काढून. व्हेलंटवर एफ २८, आयडियलवर एल २, वूस्टरवर ईए, कंपनीगणिक कोड बदलतो. अर्थ साधारण एकच, ज्योत लागली नाही किंवा लागलेली बोर्डाला दिसली नाही. का लागली नाही, हे कोड सांगत नाही. माझ्या बाबतीत ते घड्याळाने सांगितलं असतं.

आता मी ज्यांना दुरुस्तीला बोलवायचो त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही. दरमहा हप्ता घेऊन बॉयलरची देखभाल करणारी कंपनी होती, शिवाय प्रत्येक भेटीचे ६० पाउंड वेगळे. सकाळी सातला फोन लावला की चाळीस मिनिटं गाणं ऐकायचं, आणि मग प्रश्न, "बॉयलर आत्ता बंद आहे का?" बंद आहे म्हटलं की दुपारी बारा ते सहाची वेळ मिळायची. माणूस अडीचला यायचा, तोवर ऊन आलेलं असायचं आणि बॉयलर निमूट चालू. पहिल्याने इलेक्ट्रोड बदलला. दुसऱ्याने बोर्ड बदलला. तिसऱ्याने काही न उघडता सांगितलं, हा जुना झालाय, नवीन बसवा, २६०० पाउंड. मी तीनदा विनवलं की सकाळी आठच्या आत कुणाला तरी पाठवा, बिघाड तेव्हाच दिसतो. उत्तर एकच, "सिस्टममध्ये तशी सोय नाही." एकोणीस दिवस वडील कानटोपी घालून स्वयंपाकघरात बसायचे, आणि अंघोळीशिवाय पूजा नको म्हणून देवांना नुसता नमस्कार करायचे. ते आठवलं की अजून संताप येतो. पैशांचं दुःख त्यामानाने कमी आहे.

शेवटी ओळखीतून साठीतला एक गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) इंजिनियर मिळाला. फोनवर त्याने दोनच गोष्टी विचारल्या: किती वाजता बंद पडतो, आणि बंद पडताना गुडगुड होते का? होत होती, हुक्क्यासारखी. दुसऱ्या दिवशी पावणेसातला आला तो घरात न शिरता थेट मागच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी गेला. तिथे बॉयलरमधून निघालेली पांढरी प्लास्टिकची नळी भिंतीवरून गटाराकडे जाते. तिची एक क्लिप तुटली होती आणि मधोमध झोळ पडला होता. त्याने बोटाच्या पेराने नळीवर ठोकत ठोकत पुढे जायला सुरुवात केली. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि झोळापाशी एकदम भरीव, दगडावर ठोकल्यासारखा आवाज. आत बर्फ होता.

कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ निववून तिची उष्णता वापरतो, आणि त्याचं पाणी होतं, तासाला दीड-दोन लिटरपर्यंतसुद्धा. ते या नळीतून बाहेर पडतं. नळी गोठली की पाणी उलटं आत चढतं, इलेक्ट्रोड आणि बर्नरपर्यंत पोचलं की ज्योत धरत नाही. ऊन आलं की बर्फ वितळतो आणि पुरावा वाहून जातो. त्यात मी त्याच शरद ऋतूत बिल वाचवायला बॉयलरच्या पाण्याचं तापमान ७५ वरून ५५ वर आणलं होतं. ते योग्यच आहे, मी अजूनही तसंच ठेवतो, पण त्याने हे पाणी वाढतं आणि नळी नीट नसेल तर हीच अडचण लवकर उद्भवते.

तर उद्या पहाटे असं करा. कोडचा आणि घड्याळाचा फोटो. मग बाहेर जाऊन नळी शोधा, चाचपा, ठोका. गोठलेली वाटली तर शेकायची गरम पाण्याची पिशवी तिथे धरा, किंवा कोमट-गरम पाणी हळूहळू ओता. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. खाली सांडलेलं पाणी पुन्हा गोठतं, आईबाबांना तिकडे जाऊ देऊ नका. नळी शिडीशिवाय हाताला येत नसेल तर नादी लागू नका. नंतर एकदाच रीसेट. कडाक्याची थंडी आहे तोवर रात्री हीटिंग पूर्ण बंद न करता मंद चालू ठेवा, नळीत कोमट पाणी वाहत राहतं.

कायमचा उपाय म्हणजे बाहेरची नळी ३२ मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड, मीटरमागे ४५ मिलिमीटर उतार आणि वरून जलरोधक वेष्टन. माझी जुनी २१.५ ची होती. त्या साठीतल्या इंजिनियरने सगळं १६० पाउंडांत करून दिलं आणि त्यानंतर एकदाही लॉकआउट नाही. इंजिनियर कुणीही बोलवा, पण गॅस सेफचं कार्ड मागा आणि उलटं करून बघा. त्याला कोणत्या कामांची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं.

थंडी नसतानाही बंद पडत असेल तर माझं निदान तुमच्या कामाचं नाही. तेव्हा इलेक्ट्रोड, त्याची वायर, गॅसचा दाब, हे सगळं इंजिनियरकडून मोजून घ्या. बोर्ड सगळ्यात शेवटी. आणि गॅसचा वास आला तर हे काही न करता खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडून गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर, ०८०० १११ ९९९ ला, फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बॉयलरच्या खोलीत त्याचा अलार्म नसेल तर आजच आणा.

नळीचा फोटो आणि कोड इथे टाका. गुडगुड होते का, तेही आईंना विचारा. पहाटे स्वयंपाकघरात त्याच आधी येत असतील, त्यांनी ऐकली असेल.