वाचकांचे प्रश्न : कुट्टी यंत्राचे अनुदान आणि मुरघासाच्या चाऱ्याची पारख

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुरघासाविषयी, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी (बारीक तुकडे) हवाबंद ठेवून मुरवण्याविषयी आहेत. त्यांतील तीन प्रश्न इतरांनाही उपयोगी पडतील असे वाटल्याने ते उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे दोन एकर बागायती जमीन आणि चार संकरित गायी आहेत. दुकानदार म्हणतात, कुट्टी यंत्र आत्ताच घेऊन जा, अनुदानाचा अर्ज नंतर भरू. असे चालेल का? मुरघासासाठी खड्डा किती मोठा काढावा? (एक वाचक, ता. खटाव)

उत्तर : असे अजिबात करू नका. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात आधी महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी असा क्रम आहे. देयकावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल, तर बाकी सर्व कागद बिनचूक असूनही प्रस्ताव नामंजूर होतो. 2025 पासून सोडतीऐवजी अर्जांच्या क्रमानुसार निवड होऊ लागली आहे आणि शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. म्हणून तो क्रमांक आजच काढून ठेवा. आधार, सातबारा आणि बँक खाते यांवरील नावांत फरक असल्यास तोही दुरुस्त करून घ्या.

आपली जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असल्याने आपण अत्यल्प भूधारक ठरता. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना किमतीच्या 50 टक्के, तर इतरांना 40 टक्के अनुदान मिळते. मात्र टक्केवारीने येणारी रक्कम आणि त्या यंत्रासाठी ठरवून दिलेली कमाल मर्यादा यांतील जी कमी असेल तीच मिळते, त्यामुळे महागडे यंत्र घेतल्याने अनुदान वाढत नाही. संपूर्ण रक्कम आधी आपल्याला भरावी लागते. यंत्राची जागेवर येऊन तपासणी (मोका तपासणी) झाल्यानंतर अनुदान खात्यावर येते. एकदा लाभ घेतल्यावर त्याच औजारासाठी पुढील 10 वर्षे अर्ज करता येत नाही, म्हणून निवड घाईने करू नये. ट्रॅक्टरचलित यंत्र मागायचे असेल, तर कुटुंबातील कोणाच्या तरी नावावर ट्रॅक्टर असल्याचा पुरावा लागतो.

आता खड्ड्याविषयी. एका गायीला दिवसाला 20 किलो धरले, तर चार गायींना चार महिन्यांसाठी साधारण 10 टन मुरघास लागेल आणि नासधूस धरून 11 टन करावा लागेल. चांगल्या मक्याचे 25 ते 30 गुंठे त्याला पुरतात. नीट दाबलेल्या मुरघासाचे वजन घनमीटरला सुमारे 600 किलो भरते, म्हणजे 6 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा हिशेबाने बरोबर बसतो. तरीही तो खड्डा काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उघडलेल्या तोंडाकडून रोज किमान 15 सेंटिमीटर थर काढला गेला पाहिजे, नाहीतर हवा आत शिरून पुढचा मुरघास गरम होतो आणि त्याला बुरशी लागते. आपण रोज 80 किलो काढणार, म्हणजे या खड्ड्यात जेमतेम साडेचार सेंटिमीटर पुढे सरकणार. चार गायींच्या गोठ्याला पिशव्याच योग्य. 500 किलोची पिशवी सहा दिवसांत संपते, आणि लहान विद्युत यंत्रावर रोज जेवढी कुट्टी होईल तेवढ्याच पिशव्या भरून त्याच दिवशी बंद करता येतात. मक्याचा दाणा दुधाळ अवस्था संपून पिठाळ होऊ लागला की मका कापणीला घ्यावा. त्या वेळी त्यात पाणी 65 ते 70 टक्के असते.

प्रश्न : पावसाने उघडीप देताच नेपियर (हत्ती गवत) कापला, लगेच कुट्टी केली आणि पिशव्या भरल्या. दोन महिन्यांनी उघडल्यावर तळाशी काळे पाणी साचलेले होते, कुबट वास येत होता आणि जनावरांनी तोंड लावले नाही. पिशव्या खराब होत्या का? (एक पशुपालक भगिनी, ता. कऱ्हाड)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष पिशव्यांचा वाटत नाही, चाऱ्यात पाणी फार होते. दीड महिन्याच्या नेपियरमध्ये 80 टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि पावसानंतर पानांवरचे पाणी त्यात मिसळते. शिवाय मक्याच्या मानाने नेपियरमध्ये साखर कमी असते. मुरघास टिकतो तो साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार झाल्यामुळे. साखर कमी आणि पाणी जास्त असले की आम्लता वेळेवर वाढत नाही, मग ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू बळावतात आणि आपल्याला आला तो वास त्यांचाच असतो. असा चारा गाभण जनावरांना तर मुळीच देऊ नये.

पाणी ओळखण्याची सर्वांत सोपी रीत मुठीची आहे. कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. बोटांतून रस गळला आणि गोळा तसाच राहिला, तर भरू नये. गोळा हळूहळू सुटत गेला आणि तळहात फक्त ओलसर झाला, तर ती भरण्याची वेळ. गोळा लगेच भुरभुरला, तर चारा जास्त सुकला आहे. तो दाबला जात नाही आणि आत हवा राहते. आकडा हवा असल्यास 100 ग्रॅम कुट्टी तव्यावर मंद आचेवर, करपू न देता, हलवत राहावी आणि वजन कमी होणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजावी. शेवटी जितके ग्रॅम उरतील तितके टक्के शुष्क पदार्थ. तो आकडा 30 ते 35 च्या दरम्यान असावा. ही मोजणी प्रत्येक कापणीला करून वहीत टिपावी, कारण एकाच वाफ्यातील नेपियर जुलैत आणि डिसेंबरात सारखा नसतो.

त्यावर उपाय असा : पानांवरील पाणी सुकल्यावर दुपारी कापणी करावी आणि चारा अख्खाच पसरून सुकू द्यावा. उन्हाचा भरवसा नसेल, तर कोरड्या कडब्याची कुट्टी मिसळावी. नेपियरमध्ये 18 टक्के शुष्क पदार्थ धरला, तर टनाला साधारण 200 किलो कोरडी कुट्टी मिसळल्यावर तो 30 टक्क्यांच्या आसपास येतो. सोबत टनाला 10 ते 20 किलो गूळ अगदी थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडावा. नेपियर 45 ते 50 दिवसांत कापावा. पाणी कमी व्हावे म्हणून तो जून होऊ दिला, तर प्रथिने घटतात आणि पचायला जड धाट तेवढे हाती येते. यंत्राची पातीही पाहावीत. बोथट पाते चारा कापण्याऐवजी फाडते, तुकडे लांब राहतात आणि पिशवीत पोकळ्या उरतात. तुकडा सुमारे 2 सेंटिमीटरचा असावा.

प्रश्न : पावसाने ताण दिल्याने कडवळ (चाऱ्याची ज्वारी) गुडघ्याएवढेच राहिले आहे. वाळण्याआधी त्याचा मुरघास करावा का? (एक वाचक, ता. आटपाडी)

उत्तर : आत्ता नको. कोवळ्या आणि ताण पडलेल्या कडवळात विषारी घटक जास्त असतो, त्यानेच जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. मुरवल्यावर तो बराच कमी होतो, पण पूर्ण जाईलच असे नाही. शिवाय पाऊस पडून नवे फुटवे आले, तर त्यांत तो आणखी वाढतो, म्हणून शेतात जनावरे सोडू नयेत. थोडेफार पाणी देता आले, तर पीक निम्मे फुलोऱ्यात येईपर्यंत थांबा आणि मग कापा. तेवढे पाणीही नसेल, तर कापून पूर्ण वाळवा, आणि खाऊ घालण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना दाखवा.