प्रकल्प मुलांनी ठरवायचे, मग आपण काय बघायचं?

सर, पहिल्याच वर्षी अकरावीच्या मुलांना प्रकल्प स्वतः ठरवू देताय, फार बरं वाटलं. एक गोष्ट घट्ट धरा: प्रश्नाचं उत्तर मोजून मिळायला हवं. ‘सौरऊर्जेचं महत्त्व’ हा विषय झाला. ‘लंबकाची लांबी चौपट केली तर दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती वाढतो?’ हा प्रश्न. उत्तर दुप्पट, पण ते मुलांना स्वतः सापडू द्या.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- एकच दोलन मोजणं. १ मीटरच्या लंबकाला एका दोलनाला साधारण २ सेकंद लागतात, आणि स्टॉपवॉच दाबण्यातच ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. २० दोलनांचा वेळ मोजा, मग २० ने भागा.
- लांबी दोरा संपतो तिथपर्यंत धरणं. गोळ्याच्या मध्यापर्यंत हवी.
- न जुळणारं वाचन, म्हणजे मोजून लिहिलेला आकडा, खोडणं. हे अजिबात होऊ देऊ नका. माझ्या वर्गात एका गटाचे आकडे सारखे वाढत होते. वाकून पाहिलं तर खिळ्यावरची गाठ हळूहळू घसरत होती, म्हणजे लंबकच लांबत होता. दोरा चिरलेल्या बुचात आवळला आणि आकडे स्थिरावले. वाचनं खोडली असती तर गाठ कुणालाच दिसली नसती.

मोजमापातल्या त्रुटींचं गणित यंदा राहू द्या. वह्या मात्र दर आठवड्याला बघा.