बाहुलीच्या स्कर्टचा नेफा

अगं, नेफा गोल शिवून मग त्यात इलॅस्टिक ओवायचं हे आपल्या मापाच्या कपड्यांना ठीक आहे, बाहुलीच्या एवढ्याशा कमरेला ते करायला गेलीस तर मशीनच्या पायाखाली कापड फिरतच नाही आणि डोकं फिरतं ते वेगळंच. त्यापेक्षा एका बाजूची शिवण उघडीच ठेव. कापड सपाट असतानाच वरची कड दुमडून नेफा शिवून घे, इलॅस्टिक ओव, दोन्ही टोकं कडेला टाके घालून पक्की कर आणि मग ती बाजूची शिवण इलॅस्टिकसकट मार, टोकं आपोआप त्यातच अडकतात.

इलॅस्टिक ३ मिमीचं घे, फार तर ६. नेफा त्याच्यापेक्षा २-३ मिमी रुंद हवा, मी सुरुवातीला अगदी मापात ठेवायचे आणि ते मधेच अडकून पीळ पडायचा. ओवायला सेफ्टी पिन मावत नसेल तर मोठ्या नाक्याची बोथट सुई वापर.

आणि हो, इलॅस्टिक आधी कापू नकोस!! लांबच ठेव, एक टोक पक्कं करून दुसरं ओढ, बाहुलीच्या कमरेला लावून बघ, मग पिन लावून जास्तीचं काप. कपडा डोक्यावरून किंवा पायातून चढवायचा असतो ना, म्हणून खांदे नाहीतर कुल्ले यांवरून ताणून जातंय का तेही तेव्हाच बघ, नुसती कंबर मोजून काही उपयोग नाही.