ट्राउटचा हंगाम, सॅल्मनचा हंगाम आणि आपल्याकडची चढण : वाचकांचे प्रश्न

हिमालयातील आणि परदेशातील नद्यांवर गळाने होणाऱ्या हौशी मासेमारीविषयी पुणे व परिसरातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : नेमके कधी जावे? म्हणून उत्तरांतही हंगामाचा विचार अधिक विस्ताराने आला आहे.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मित्र हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात ट्राउटच्या मासेमारीसाठी जाऊ इच्छितो. नातवंडांनाही बरोबर न्यायचे असल्याने मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी सोयीची पडेल. यांपैकी कोणता काळ योग्य? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : स्पष्टच सांगायचे तर दोन्ही काळ फारसे योग्य नाहीत. हिमाचलात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीसाठी बंद असतात आणि १ मार्चला उघडतात. दिवाळी नोव्हेंबरात आली तर प्रश्नच मिटला. ती ऑक्टोबरात आली तर हंगामाचे शेवटचे काही दिवस हाती लागू शकतात. मे महिन्यात कायद्याची आडकाठी नाही, परंतु त्या सुमारास वरच्या शिखरांवरचे बर्फ वितळू लागते, पाणी वाढते आणि दुपारनंतर ते राखाडी, गढूळ होते. ट्राउट नजरेने शिकार करणारा मासा असल्याने अशा पाण्यात त्याला आमिष दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे हीच अडचण अधिक तीव्र होते. मार्चचा मध्य ते एप्रिलअखेर किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे दोन काळ खरे मासेमारीचे. नातवंडांना मे महिन्यात हिमालय दाखवावा आणि गळ घेऊन आपण मित्रांनी सप्टेंबरअखेरीस पुन्हा जावे, असे मी सुचवीन.

हिवाळ्यातील बंदीमागचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. ब्राउन ट्राउटची मादी थंडीच्या सुरुवातीस उथळ, वाहत्या पाण्यातील रेवेवर एका कुशीवर होते, शेपटीचे फटके मारून त्या रेवेत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फलित केल्यावर वरच्या बाजूची रेव उकरून ती झाकून टाकते. पाणी चार-पाच अंश सेल्सिअसवर असेल तर पिल्ले बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात, आणि पिल्ले त्यानंतरही काही आठवडे अंड्यातील बलकावर जगत त्या रेवेतच दडून राहतात. वरून पाहणाऱ्याला तेथे फक्त थोडी उजळ, नुकतीच धुतल्यासारखी दिसणारी रेव दिसते. त्यावर बुटाचा एक पाय पडला तरी खालची अंडी चिरडतात. म्हणजे या महिन्यांत मासा पकडून सोडून दिला तरीही, निव्वळ नदीत उतरल्यानेच हानी होते. म्हणून ‘आम्ही पकडून सोडणारे आहोत, आम्हाला बंदी कशाला?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही.

मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. तो आधी काढावा आणि किती मासे, किती लांबीचे ठेवता येतात हे त्याच वेळी विचारून घ्यावे. काश्मीरला जाण्याचा विचार असेल तर तेथील ट्राउटचा हंगाम सर्वसाधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असा असतो, हेही लक्षात ठेवावे.

नदीवर पोहोचल्यावर घाईने काठाशी जाऊ नये. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, संथ पाण्यात स्थिर उभा असतो आणि बाजूच्या वेगवान धारेतून वाहत येणारे कीटक टिपण्यापुरता सरकून पुन्हा जागेवर येतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने वर चढत जावे आणि कृत्रिम माशी, म्हणजे पिसे-दोऱ्यांनी कीटकासारखा सजवलेला गळ, वेगवान व संथ पाण्याच्या सीमेवर, धोंड्याच्या थोडी वर पडेल अशी टाकावी. नवशिक्यांचा सगळा दिवस डोहाच्या मध्यभागी गळ टाकण्यात जातो. मासा मात्र पुष्कळदा त्यांच्या पायापासून दोन हातांवर असतो.

प्रश्न : पाण्यात उतरून मासेमारी करणे वयस्करांसाठी कितपत सुरक्षित आहे? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, हातात काठी असावी, आणि छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख घातल्यास कमरेचा पट्टा आवळलेलाच असावा, कारण पडल्यावर त्या पोशाखात पाणी भरले की उठता येत नाही. मात्र सर्वांत मोठा धोका धरणाखालच्या पात्राचा आहे. ८ जून २०१४ रोजी बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थन नदी याच लारजीपाशी बियासला मिळते. तेव्हा वरच्या खोऱ्यात, गुशैनी किंवा बंजारच्या परिसरात मासेमारी करावी आणि लारजीच्या खालच्या बियासच्या पात्रात, पाणी कितीही उथळ व शांत दिसत असले तरी, उतरू नये.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असतो. तो म्हणतो की सॅल्मन मासा नदीत शिरल्यावर काही खातच नाही. मग तो गळाला कसा लागतो? शिवाय तिकडचे नियम आपल्यासारखेच असतात का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. अटलांटिक सॅल्मनचा जन्म नदीत होतो, एक ते तीन-चार वर्षे तो तेथेच वाढतो, मग रुपेरी रंग धारण करून समुद्रात जातो आणि उत्तर अटलांटिकमध्ये धष्टपुष्ट होऊन आपल्या जन्मनदीकडे परततो. परतीच्या या प्रवासात त्याचे खाणे थांबते, जठर आक्रसते आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो काही महिनेही काढू शकतो. असे असूनही तो रंगीत माशीवर किंवा चमकत्या पत्र्याच्या आमिषावर झडप घालतो. लहानपणी नदीत कीटक टिपण्याची लागलेली सवय आणि आपल्या विसाव्याच्या जागेत घुसलेल्या आगंतुकाविषयीचा राग, अशी दोन कारणे जाणकार देतात. म्हणूनच सॅल्मनच्या मासेमारीत भुकेचा हिशेब चालत नाही. पाऊस पडून नदी चढली आणि पुन्हा उतरून निवळू लागली, की नवे मासे वर सरकतात. त्या एक-दोन दिवसांत जो काठावर असतो त्याला यश येते, आणि कोरड्या पंधरवड्यात उत्तम साहित्य असलेला माणूसही हात हलवत परततो.

हंगाम प्रत्येक नदीचा निराळा आहे. टे नदीवर तो १५ जानेवारीला सुरू होऊन १५ ऑक्टोबरला संपतो, तर ट्वीडवर १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा चालतो. ब्राउन ट्राउटसाठी स्कॉटलंडभर १५ मार्च ते ६ ऑक्टोबर हा काळ आहे. सॅल्मनची मासेमारी रविवारी कायद्याने बंद असते. तेथे सरकारी परवान्याची पद्धत नाही, परंतु सॅल्मन पकडण्याचा हक्क खासगी मालकीचा असल्याने त्या हक्काच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावीच लागते; मुलाने हे विसरू नये. टे नदीवरच ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलेंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅल्मन पकडला होता आणि गळाने पकडलेल्या सॅल्मनचा ब्रिटनमधील तो उच्चांक आजही कायम आहे.

तो उच्चांक मोडण्याची आशा मात्र कोणी धरू नये, कारण मासाच कमी झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅल्मनची गणना संकटग्रस्त गटात केली. समुद्रातील बदलते तापमान, नद्यांवरील बांध, प्रदूषण आणि सॅल्मनच्या मत्स्यशेतीतून पसरणाऱ्या समुद्री उवा (माशाच्या अंगाला चिकटणारे परजीवी) अशी अनेक कारणे एकत्र आली आहेत. स्कॉटलंडमध्ये २०१६ पासून नद्यांची प्रतवारी केली जाते आणि ज्या नदीत पुरेसे मासे नाहीत तेथे पकडलेला प्रत्येक सॅल्मन सोडावाच लागतो. आपल्याकडे असे नदीवार नियम असते तर किती बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुळशी, पानशेत किंवा वरसगावच्या जलाशयात ट्राउटचे बीज का सोडत नाहीत? इंग्रजांनी हिमालयात आणि निलगिरीत ते केले होते ना? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : केले होते. काश्मीरमध्ये १९०० साली परदेशातून आणलेली अंडी यशस्वीपणे उबवली गेली, तेथून १९०९ च्या सुमारास ब्राउन ट्राउट कुलू खोऱ्यात पोहोचला, आणि निलगिरीत अनेक अपयशांनंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेनबो ट्राउट रुजला. परंतु या सर्व जागा उंचावरच्या आहेत. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचे पाणी मानवते आणि पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो : समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम आठ. आपल्या धरणांचे वरचे पाणी उन्हाळ्यात याहूनही तापते. तेथे सोडलेला ट्राउट जगणार नाही.

आणि जगला असता तरी मी त्याला विरोधच केला असता. बाहेरचा मासा आला की मूळच्या माशाला जागा सोडावी लागते. हिमालयातील मूळच्या, ‘असला’ नावाच्या माशाच्या जागेवर आणि अन्नावर ब्राउन ट्राउटने केव्हाच हक्क सांगितला आहे. पुण्याच्या वाचकाने तर परक्या माशाची आस धरण्याचे काहीच कारण नाही. दख्खनी महाशीर, ज्याला शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, ते आपल्या मुळा-मुठेतील माशावरून! देहू आणि आळंदीला इंद्रायणीच्या डोहात भाविक ज्यांना खाऊ घालत आले, ते हेच मासे. आज मुळा-मुठेच्या शहरातील पात्रात चिलापी आणि मागूर तग धरून आहेत, आणि ज्या नदीने जगाला या माशाची ओळख करून दिली तिच्यात तो शोधून सापडत नाही, याचे मला फार दुःख होते.

लोणावळ्याजवळ वळवण येथे महाशीराचे बीज तयार करण्याचे काम १९७० च्या दशकापासून चालत आले आहे आणि ते मोलाचे आहे. तरीही बीज कोठेही सोडून चालत नाही. हाच दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेल्यानंतर तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर मागे पडत गेला आणि २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पुण्यातला मासा पुण्याच्या नद्यांत वाढवावा, आणि त्याआधी त्या नद्यांचे पाणी माशाला श्वास घेता येईल इतके स्वच्छ करावे.

प्रश्न : पकडलेला मासा सोडून दिला तरी तो मरतोच, असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : हाताळणी वाईट असेल तर मरतो, चांगली असेल तर बहुतेक वेळा वाचतो. गळाचा काटा उलट्या दाताशिवायचा असावा किंवा तो दात पकडीने दाबून सपाट करावा. मासा थकेपर्यंत खेळवू नये. हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोट घालू नये, पोट आवळू नये, वाळूवर टाकू नये. काटा शक्यतो पाण्यातच काढावा आणि छायाचित्रासाठी मासा उचललाच, तर आपण स्वतः श्वास रोखून जेवढा वेळ सहज राहू शकू त्याहून कमी वेळात तो परत पाण्यात जावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या मुळाशी सैल हाताने आधार द्यावा; कल्ल्यांची उघडझाप सावकाश होऊ लागली आणि शेपटीने जोर धरला की तो आपणहून निघून जातो. पाणी २० अंशांवर असेल त्या दिवशी ट्राउटसाठी गळ टाकूच नये.

प्रश्न : आमचे गाव मावळात आहे. पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे पकडण्याची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आता त्यालाही दोष देणार का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : रीतीला दोष देत नाही, मृगाच्या पावसात कंदील घेऊन ओढ्यावर जाण्यातला आनंद मी जाणतो. परंतु चढणीचा मासा वर का येतो, याचा विचार व्हावा. नदीतला मासा नव्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि भातखाचरात चढतो तो अंडी घालण्यासाठी. सॅल्मन समुद्रातून येतो आणि हा डोहातून, एवढाच काय तो फरक. अंड्यांनी भरलेली मादी पकडली की पुढच्या वर्षीचे मासेही त्याच टोपलीत जातात. आपल्या कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली. गोड्या पाण्यावर तशी शिस्त रुजली नाही.

पूर्वी गावे लहान होती, जाळी सुताची होती आणि ओढे मोकळे होते. आता ओढ्याच्या तोंडाशी आडवे लावलेले नायलॉनचे बारीक जाळे एका रात्रीत सगळी चढण अडवते, काही ठिकाणी विजेचा झटका किंवा ब्लीचिंग पावडरही वापरली जाते, आणि वर बंधारा असेल तर उरलेल्या माशालाही पुढे वाट नसते. आपल्या गावाने निदान चढणीचे पहिले पूर सोडून द्यावेत, जाळे ओढ्याच्या पूर्ण रुंदीवर लावू नये, वीज आणि पावडर यांना ग्रामसभेत ठराव करून बंदी घालावी, आणि खाण्यापुरते मासे दसऱ्यानंतर, पाणी निवळल्यावर, नदीवर गळाने धरावेत.