हर्लर सिंड्रोम असलेल्या मुलाला हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशनसाठी भूल देणं धोक्याचं का?

ऑपरेशन छोटं असलं तरी या मुलांची भूल छोटी नसते. हर्लर सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात शरीरात न मोडलेली शर्करासंयुगं साचून जीभ, टॉन्सिल, घसा जाड होतो. जबडा कमी उघडतो, मान आखूड आणि ताठ. भुलीनं स्नायू सैल पडले की श्वासमार्ग मिटू शकतो आणि श्वासासाठी नळी घालायला स्वरयंत्रच दिसत नाही. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ शक्यतो मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवतात, लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा, श्वास देणारा मास्क) आणि फायबरऑप्टिक दुर्बीण (नळी घालताना आतलं दाखवणारी बारीक, लवचीक दुर्बीण) हाताशी ठेवतात. ऐनवेळी श्वासासाठी गळ्याला छेद देणंही आखूड मानेमुळे अवघड. नळी काढतानाही धोका असतोच.

कृपया लहान मुलांचा आयसीयू असलेलंच रुग्णालय निवडा. झोपेत घोरणं, श्वास अडकणं आवर्जून सांगा. मागची भूल सुरळीत गेली असली तरी निर्धास्त राहू नका, वयाबरोबर श्वासमार्ग अवघड होत जातो.