पाड्यांचा हिशेब दरडोई कसा लावायचा?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत डोंगरावर विखुरलेले अनेक पाडे येतात. सपाटीवरच्या तेवढ्याच लोकवस्तीच्या गावाला पंधराव्या वित्त आयोगातून जेवढे पैसे मिळाले, जवळपास तेवढेच आम्हाला मिळाले. त्यातही निम्म्याहून अधिक रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायची. केंद्राच्या करांत गावाचा हक्काचा वाटा किती, आणि ही वाटणी न्याय्य आहे का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, ता. अक्राणी, जि. नंदुरबार

उत्तर : हक्काचा वाटा म्हणाल, तर राज्यघटनेने तो राज्यांना दिला आहे, गावांना नाही. केंद्राच्या करांची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्राच्या विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या, करांपैकी ४१ टक्के राज्यांना देण्याची शिफारस केली. उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) या वाटणीत धरलेच जात नाहीत. पंचायतींना मिळते ते अनुदान, म्हणून त्याला अटी आहेत. लोकनियुक्त मंडळ आणि ऑनलाइन लेखे नसतील तर हप्ता अडकतो. २०२१-२६ साठी ६० टक्के रक्कम बंधित होती; तिचा निम्मा भाग पाण्यावर व निम्मा स्वच्छतेवरच खर्चायचा होता. महाराष्ट्रात एकूण अनुदानातील ८० टक्के ग्रामपंचायतींकडे, तर पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे १०-१० टक्के जात.

आता न्यायाचे. या अनुदानाच्या वाटपात ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला होता, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली होती. चोपडा किंवा रावेरकडच्या एका गावठाणात दोन हजार लोक राहत असतील, तर एक टाकी आणि गल्लीबोळांतून फिरवलेली एक जलवाहिनी यांवर काम भागते. तेच दोन हजार लोक सातपुड्यातल्या आठ-दहा पाड्यांवर राहत असतील, तर प्रत्येक पाड्याला वेगळा हातपंप किंवा वेगळी टाकी लागते, आणि रस्ता नसेल तर सिमेंटची गोणीही डोक्यावरून न्यावी लागते. माणशी रुपये सारखे असले, तरी माणशी पाणी सारखे पोहोचत नाही. खेदाची गोष्ट अशी की, याच आयोगाने राज्याराज्यांत कर वाटताना लोकसंख्येला अवघे १५ टक्के महत्त्व दिले आणि उत्पन्नाच्या तफावतीला ४५ टक्के; म्हणजे गरीब राज्याला झुकते माप द्यायचे हे तत्त्व मान्य आहे, पण गावापर्यंत येता येता ते गळून पडते.

तरी सगळा दोष दिल्लीला देता येणार नाही. देशभरातल्या पंचायतींच्या उत्पन्नाचे आणि खर्चाचे विश्वासार्ह आकडे एका जागी नाहीत, त्यामुळे आयोगाने सोपे सूत्र धरले हे समजण्यासारखे आहे. राज्यांतर्गत वाटणी ठरवण्याचे काम घटनेच्या अनुच्छेद २४३-आयनुसार दर पाच वर्षांनी नेमायच्या राज्य वित्त आयोगाचे आहे. त्याच्या शिफारशी असतील तर त्यांप्रमाणे वाटप करण्याची मुभा पंधराव्या आयोगाने दिली होती. डोंगराळ व विखुरलेल्या वस्तीला वेगळा भार द्यायचा असेल, तर तो निर्णय मुंबईत व्हायला हवा. अनुसूचित (घटनेनुसार जाहीर केलेल्या आदिवासी) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या तरतुदीतून, मिळणारा पाच टक्के अबंध निधी राज्यानेच २०१५ मध्ये सुरू केला, यावरून राज्याला असे काही करता येते हे दिसतेच.

तोवर ग्रामसभेने पाडानिहाय घरांची संख्या, पाण्याच्या स्रोताचे अंतर आणि कामाचा प्रत्यक्ष खर्च विकास आराखड्यात नोंदवावा. राज्य वित्त आयोग निवेदने मागवील, तेव्हा हीच आकडेवारी ठरावासह पाठवावी. नुसत्या तक्रारीपेक्षा तिचे वजन अधिक पडेल.