ब्रेकिंग लोड तोच, तरी दोर तुटतो का?

प्रश्न : मकरपुऱ्यातल्या आमच्या दुकानातून भावनगर-दहेजकडच्या छोट्या मालवाहू जहाजांना दोर जातात. एक गिऱ्हाईक 40 टन ब्रेकिंग लोडच्या (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणाऱ्या) नायलॉन दोराऐवजी तेवढ्याच टनांचा एचएमपीई, म्हणजे अतिमजबूत पॉलिथिलीनच्या धाग्यांचा, दोर मागतंय. निम्म्या जाडीचा, हलका, पाण्यावर तरंगणारा. बिनधास्त द्यावा का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : लगेच नको. आधी विचारा, धक्क्यावर दोर किती लांब सोडतात?

नायलॉन तुटण्याआधी पाव लांबीहून जास्त ताणतो. एचएमपीई जेमतेम चार-पाच टक्के. खंभातच्या आखातात नेमकं हेच नडतं. भावनगरला उधाणाच्या वेळी पाणी दहा मीटरच्या घरात चढतं-उतरतं. समजा, जहाजावरचा चॉक (दोर बाहेर काढायची खाच) आणि धक्क्यावरचा बोलार्ड (दोर अडकवायचा खुंट) एका पातळीत असताना 12 मीटर दोर ताठ बांधला आणि भरतीनं जहाज आठ मीटर वर गेलं. आता दोराला 14.4 मीटर लांबी हवी, म्हणजे 20 टक्के ताण. एचएमपीई त्याच्या कितीतरी आधी जाईल. तोच दोर 40 मीटरचा असता, तर लागली असती 40.8 मीटर, म्हणजे दोनच टक्के. पण एचएमपीईला दोन टक्केही भारी पडतात. म्हणून त्याच्या टोकाला 11 मीटरची नायलॉनची शेपटी, म्हणजे टेल, जोडतात. कोरडी असताना ती मुख्य दोरापेक्षा किमान 37 टक्के जास्त ताकदीची हवी, कारण भिजल्यावर नायलॉनची ताकद दहाएक टक्के उतरते. टेल लावली तरी भरतीबरोबर दोर सैल करायला विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावर, माणूस लागतोच.

त्याहून वाईट म्हणजे एकाच दिशेला एक नायलॉन, एक एचएमपीई. ताठ दोर एकटा भार ओढतो, तुटतो, आणि सगळा झटका दुसऱ्यावर येतो. गिऱ्हाइकाला बदलायचंच असेल, तर त्या दिशेचे सगळे दोर एकदम बदलायला सांगा.

गाठ मारून लांबी वाढवू देऊ नका. गाठीत ताकद जवळपास निम्मी होते, चांगल्या स्प्लाइसमध्ये, म्हणजे पेड एकमेकांत विणून केलेल्या जोडात, फारच थोडी घटते. जुना दोर परत आला तर पेड उकलून आत बघा. पिठासारखी भुकटी म्हणजे आतून झीज. चकचकीत, कडक पट्टा म्हणजे घर्षणानं वितळलेले धागे. असा दोर पुन्हा विकू नका.

आणखी एक. 1 जानेवारी 2024 पासून सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराखाली येणाऱ्या जहाजांना बांधणीच्या दोरांच्या तपासणीची नोंद ठेवावी लागते. तेव्हा प्रत्येक रिळाबरोबर त्याच क्रमांकाचं सर्टिफिकेट द्या. एका सर्टिफिकेटच्या दहा झेरॉक्स चालणार नाहीत.